पांढऱ्या थाळीतले काळे धागे

भुईगावातल्या निकोलस तुस्कानोच्या घरात इनॅमलची एक पांढरी थाळी आहे. तिच्या कडेचा टवका उडालेला आहे आणि मागच्या बाजूला लाल रंगात प्राणिशास्त्र विभागाचा क्रमांक घातलेला आहे. कॉलेजने ही थाळी मोडीत काढली त्याच वर्षी निकोलस निवृत्त झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. थाळी त्याने मागून घेतली. गेल्या गुड फ्रायडेपर्यंत तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, खाव्यात की नाही, या बाबतीत गावात या थाळीचा शब्द शेवटचा होता.

छत्तीस वर्षं तो प्रयोगशाळेत परिचर होता. दहावी नापास, चतुर्थ श्रेणी. बरण्या पुसणं, टेबलं मांडणं, सूक्ष्मदर्शकं मोजून कपाटात ठेवणं आणि प्रात्यक्षिकाला लागणारा जीव आणून देणं, हे त्याचं काम. पुढे बेडूक बंद झाले, मग झुरळं बंद झाली. बरेचसे प्राणी पडद्यावर दिसायला लागले. तिसरीचं प्रात्यक्षिक मात्र शेवटपर्यंत टिकलं, कारण खाडीच्या वाळूतल्या या शिंपल्या निकोलस स्वतः सकाळी ताज्या आणायचा आणि त्यांच्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती.

प्रात्यक्षिक साधं होतं. पातळ सुरी शिंपांच्या फटीत घालून आतले दोन स्नायू कापले की वरचं कवच झाकणासारखं सुटतं. खाली जिवंत मांस असतं आणि त्यावर बारीक रेघांचे कल्ले. निकोलस वर समुद्राचं पाणी सोडायचा आणि कोळशाची चिमूटभर पूड टाकायचा. एवढं करून तो बाजूला व्हायचा. पुढचं सगळं तिसरी करायची.

कल्ल्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात आणि ते एकसारखे हलत असतात. कोळशाचे कण त्यांच्यावरून मुंग्यांच्या रांगेसारखे सरकायला लागत. कडेला पोचले की एका खाचेत उतरत आणि तोंडाच्या दिशेने निघत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना घड्या पडलेल्या लहान पाकळ्या असतात, निवड तिथे होते. खाण्याजोगा कण तोंडात जातो. नको असलेला कण बुळबुळीत चिकात गुंडाळला जातो, अशा कणांचा धागा वळला जातो, आणि तो धागा पोटात न जाताच बाहेर फेकला जातो. हा काळा धागा दिसला की मुली एकमेकींना कोपराने ढोसत. दर वर्षी नव्या मुली, ढोसणं तेच.

जर्नलमध्ये या प्रात्यक्षिकाखाली एक प्रश्न असायचा: बाहेर पडलेला पदार्थ विष्ठा आहे का? कारण द्या. उत्तर होतं, नाही. तो पोटात गेलेलाच नाही. परीक्षेत अडलेल्या पोरांना निकोलस ट्रे पुसता पुसता हे उत्तर पुटपुटून द्यायचा. जे आत राहिलं त्याचं काय, असा प्रश्न जर्नलमध्ये नव्हता.

घरी त्याला ‘प्रोफेसर’ म्हणणारं एकच माणूस होतं, त्याची बायको लूर्डस. संध्याकाळी ओट्यावर ती सूप घेऊन बसली की तो समोर खुर्ची टाकायचा.

“तू तांदूळ निवडतेस ना, अगदी तसंच करते तिसरी,” तो सांगायचा. “खडे बाहेर, दाणा आत.”

“आणि तिला आपल्यासारखीच चव आहे, हे तिने येऊन सांगितलं वाटतं प्रोफेसरांना?”

“तुला नाही समजायचं.”

“नाहीच समजायचं. मी पडले सातवी पास.” आणि ती सूप असं झटकायची की कोंडा बरोबर त्याच्या अंगावर यायचा.

आशालताचं या घरी येणं सुरू झालं ते साधारण सात वर्षांपूर्वी. ती खाडीकडच्या पाड्यातली, तेव्हा पन्नाशीला टेकलेली. नवरा आत्माराम मिठागरात राबून गुडघे गमावून बसलेला. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उकिडवं बसायचं, हाताने वाळू चाचपायची, तिसऱ्या वेचायच्या, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांना वाळू ओकायला लावायची आणि सकाळी चर्चच्या रस्त्याच्या तोंडाशी वाटे मांडून बसायचं, हा तिचा दिवस. तिची आईही त्याच जागेवर बसायची.

त्या साली पूर्वेकडच्या कारखान्यांचं काळं पाणी खाडीत येतं, अशी बातमी फोटोसह छापून आली. मेलेल्या माशांचा फोटो होता. त्या आठवड्यात आशालताच्या वाट्यांजवळ कुणी थांबलं नाही. चौथ्या दिवशी ती डोक्यावर टब घेऊन निकोलसच्या ओट्यापाशी आली.

“निकोलसदादा, तुमी कॉलेजात एवढी वर्सं हेच बघितलं ना? मंग सांगा लोकांना, माज्या तिसऱ्यांत घान नाय.”

“बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“मंग बघा की. कोन नको म्हनतो?”

त्या दिवशी त्याने ती थाळी माळ्यावरून खाली काढली. कापाकापी केली नाही. टबातल्या कुठल्याही सहा तिसऱ्या उचलल्या, थाळीत समुद्राचं पाणी ओतलं, करवंटीचा कोळसा खलात कुटून त्याची पूड त्यात ढवळली आणि घड्याळ लावलं. पाणी शाईसारखं झालं. पाच मिनिटांनी शिंपा उघडल्या. अर्ध्या तासात पाणी निवळलं आणि पांढऱ्या तळावर एकेका तिसरीशेजारी काळ्या धाग्यांचे पुंजके पडलेले दिसले.

“टाकतायत,” निकोलस म्हणाला.

आशालताने हा शब्द उचलला. गिऱ्हाइकाने वाटा उचलून नाकाशी नेला की ती म्हणायची, “दादांनी बघितल्यात. टाकतायत.” शब्दाला वजन येण्याचं कारणही घडलं. एका पावसाळ्यानंतर तिच्या टबातल्या सहांपैकी चार तिसऱ्या उघडल्याच नाहीत, धागे पडले नाहीत. निकोलसने मान हलवली. आशालताने अख्खा टब नेऊन खाडीत ओतला. हे चार जणांनी पाहिलं. त्यानंतर निकोलसच्या थाळीवर कुणी शंका घेतली नाही.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, शुक्रवारी मटण-कोंबडी घरात येत नाही. मासळी चालते. त्यामुळे तिसऱ्यांना त्या शुक्रवारी सगळ्यात जास्त मागणी. सकाळी साडेसातला आशालताचा टब ओट्यावर, आठ वाजता निकाल, सव्वाआठला विक्री. शेजारच्या कॅरलच्या मुलाने, मर्विनने, एकदा हा सगळा प्रकार मोबाइलवर घेतला. त्यात निकोलस चष्मा सारखा करत सांगतो, “हे बघा, घाण ती पोटात जाऊच देत नाही. बाहेर फेकते. जी तिसरी टाकते, ती बिनधास्त खायची.” मर्विनने ते धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर टाकलं आणि तिथून ते कुठे कुठे गेलं, याची मोजदाद नाही. निकोलसला ते आवडलं होतं. छत्तीस वर्षं त्याने प्रात्यक्षिकाची तयारी करून दिली होती, बोलायचं काम सरांचं असे. आता तो बोलत होता आणि लोक ऐकत होते.

गेल्या गुड फ्रायडेच्या सकाळी आशालता नेहमीपेक्षा थोडी उशिरा आली. टब ठेवला आणि पदराने मान पुसत उभी राहिली.

“दादा, पानी दोन दिस जरा तांबूस दिसतंय. चहावानी. आमच्या पाड्यातली म्हातारी म्हनते, असल्या पान्यातलं काय खाऊ नये.”

“त्या म्हातारीने कधी तिसरीच्या आत बघितलंय का, विचार तिला.”

आशालता हसली. लूर्डस आतून म्हणाली, “प्रोफेसर, म्हातारीला कमी समजू नका.” तीही हसत होती.

थाळी भरली. त्या दिवशी धागे इतर दिवसांपेक्षा लवकर पडले, आणि भरपूर. निकोलसला बरं वाटलं. “झकास टाकतायत,” तो म्हणाला. विरारहून, फुलपाड्यातल्या फ्लॅटमधून, मुलगी ज्युली यायची होती. त्याने आशालताला सांगितलं, दोन वाटे गावातल्या फ्रेडरिकने सांगून ठेवलेत ते त्याला दे, बाकी टबात आहेत तेवढ्या सगळ्या इथेच रिकाम्या कर. आशालता म्हणाली, मूठभर आत्मारामला नेते. निकोलस म्हणाला, “उद्या ने ग. आज ज्युली येतेय.” तिने टब उपडा केला.

लूर्डसचा त्या दिवशी कडक उपास असे, दुपारी तीनचा चर्चमधला विधी संपेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. साडेचारला घरी येऊन ते जेवायला बसले. भात आणि तिसऱ्यांचं कालवण. दातांमुळे निकोलसने चार-पाचच खाल्ल्या आणि आपल्या वाट्याच्या लूर्डसच्या ताटात सारल्या. गेली काही वर्षं असंच चालायचं. ज्युलीने एक वाढप घेतलं. लूर्डसने जेवणानंतर वाटीभर नुसता रस्सा प्यायला. तिचं म्हणणं असे की तिसऱ्यांची सगळी चव रश्श्यात उतरते. ते खरं होतं, आणि नंतर कळलं त्याप्रमाणे फक्त चवीपुरतं खरं नव्हतं.

ताटं उचलेपर्यंत तिच्या ओठांना मुंग्या आल्या. “प्रोफेसर, मसाला कुठल्या दुकानाचा आणला?” तिने विचारलं. मग बोटांना. मग ती म्हणाली की आपण जमिनीवर उभ्या नाही आहोत असं वाटतंय. रिक्षात बसवताना तिची जीभ जड झाली होती. हॉस्पिटलात पोचल्यावर तिला सगळं कळत होतं, पण श्वास घेता येत नव्हता. ज्युलीला शेजारच्या खाटेवर ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, काय खाल्लं होतं?

“तिसऱ्या,” निकोलस म्हणाला. “पण त्या तपासलेल्या होत्या.”

“कुठे तपासल्या?”

 साडेआठला लूर्डस गेली.

ज्युली दोन दिवसांत उठून बसली. फ्रेडरिक आणि त्याची बायको उलट्या आणि बधिर तोंडावर सुटले. शनिवारी शवविच्छेदन झालं. ईस्टरच्या त्या तीन दिवसांत अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होत नाही, म्हणून लूर्डस सोमवारपर्यंत शवागारात राहिली. रविवारी सकाळी गावभर पुनरुत्थानाच्या घंटा वाजत असताना निकोलस ओट्यावर बसून होता. समोर थाळी होती. शुक्रवारच्या सहा तिसऱ्या तिच्यात तशाच राहिल्या होत्या आणि कुजायला लागल्या होत्या.

गावाने आपला निष्कर्ष सोमवारच्या आतच काढला. फ्रेडरिकने तो शब्दांत मांडला. “चाळीस वर्षं तिसऱ्या विकतेय, आणि त्याच दिवशी स्वतःच्या घरात एक ठेवली नाही? तिला माहीत होतं.” या एका वाक्याने सगळ्यांचं समाधान झालं. कुणी म्हणालं, थाळीत घातलेल्या सहा वेगळ्या आणि विकलेल्या वेगळ्या. कुणी म्हणालं, निकोलसच्या भोळेपणाचा फायदा घेतला.

दफनाच्या वेळी आशालता दफनभूमीच्या फाटकाबाहेर, भिंतीला लागून उभी होती. फ्रेडरिक तिच्यापाशी गेला आणि काहीतरी बोलला. ती खाली मान घालून निघाली. निकोलसच्या हातात तेव्हा मूठभर माती होती. त्याने फाटकाकडे पाहिलं, आशालता वळणाआड जाईपर्यंत पाहिलं, आणि मग माती टाकली. हाक मारायला वेळ होता. त्याने मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ती बसायची त्या जागेवर कुणीतरी विटा रचून ठेवल्या होत्या.

तीन आठवड्यांनी उन्नती नावाची तरुण मुलगी आली. सरकारी प्रयोगशाळेतली. ज्युलीने फ्रिजमधलं उरलेलं कालवण डब्यात भरून दिलं होतं, त्याचा अहवाल तिच्याकडे होता. समुद्रात कधी कधी एका जातीचं सूक्ष्म शेवाळ एकदम वाढतं, ते विषारी असतं, शिजवून विष जात नाही आणि रश्श्यात उतरतं, असं तिने सांगितलं. निकोलसने ऐकून घेतलं. मग उठून थाळी आणली.

“मी तपासल्या होत्या,” तो म्हणाला, आणि कसं ते सांगितलं. पाणी, कोळसा, वेळ, धागे. त्याने काही गाळलं नाही.

उन्नतीने थाळी हातात घेतली, मागचा क्रमांक वाचला. “काका, प्रयोग बरोबर आहे तुमचा. आम्हीही शिकताना हाच केला.”

“मग?”

“कोळसा तिला नको असतो. वाळू नको असते. ते ती टाकते. हे शेवाळ तिला हवं असतं. ते तिचं जेवण आहे. ते ती निवडून निवडून आत घेते.”

“विषारी असलं तरी?”

“विष आपल्याला. तिला फारसं काही होत नाही. आठवडेच्या आठवडे ती ते अंगात साठवून ठेवते. एका रात्रीत पाण्यात ठेवून ते निघत नाही.”

निकोलसने थाळी परत घेतली. “त्या दिवशी धागे लवकर पडले होते,” तो म्हणाला.

“जोरात खात असतील. खायला भरपूर होतं ना. जितकं जास्त खातात तितकं जास्त निवडून टाकतात.” उन्नतीला बोलल्यावर जाणवलं की हे बोलायला नको होतं. ती उठली. जाताना म्हणाली, “पाण्याचा रंग बदललाय हे कुणी पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर आमच्या नोंदीत घालायला हवं.”

“पाहिलं होतं,” निकोलस म्हणाला. “आशालताने. माझ्याकडे येऊन सांगितलं होतं तिने.”

त्याच दिवशी दुपारी तो खाडीकडच्या पाड्यात गेला. आत्माराम दारात पाय पसरून बसला होता. आशालता त्या वेळी घरी नव्हती. सातिवलीच्या एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं तपासून खोक्यांत भरायच्या कामाला लागली होती. निकोलस संध्याकाळपर्यंत थांबला. आत्मारामने त्याला दोनदा पाणी दिलं.

आशालता आली, पिशवी टेकवली. “बसा ना दादा, उभे का?”

“तू मला पाण्याचं सांगितलं होतंस. हे लोकांना का नाही बोललीस?”

“बोलून काय झालं असतं? लोक म्हनले असते, बायको मेली त्या मानसावर ढकलते.”

“मी सांगतो सगळ्यांना.”

“नका सांगू.” ती चुलीकडे वळली. “तुमचं कोन ऐकनार नाय. तुमी मोठे, मी तिसऱ्यावाली. आनि दादा, खरं सांगू? मीच ना वाढवलं तुमचं नाव? दादांनी बघितल्यात, दादांनी बघितल्यात. सहा वर्सं ओरडले. माजं मलाच आलं.”

“त्या म्हातारीचं आपण ऐकायला हवं होतं.”

“ती गेली. मागच्या म्हैन्यात,” आशालता म्हणाली. “तिला काय झालं नव्हतं. वय झालं होतं.”

लूर्डसच्या महिन्याच्या मिस्सेनंतर घरी चहा आणि पाव होते. चाळीसेक माणसं ओट्यावर आणि अंगणात होती. निकोलस उभा राहिला. भाषण त्याने पाठ केलं होतं, प्रात्यक्षिकाच्या तयारीसारखं, एकेक पायरी. आशालताने पाण्याचा रंग बदलल्याचं सांगितलं होतं. मी तिची थट्टा केली. थाळीने फक्त एवढंच कळतं की तिसरी जिवंत आहे आणि तिला कोळसा नको आहे. तिने काय आत ठेवलंय ते कळत नाही. सहा वर्षांत एकदाही कळलेलं नव्हतं. आशालताच्या घरात तिसऱ्या राहिल्या नाहीत, कारण मी त्या राहू दिल्या नाहीत. लूर्डस माझ्या शब्दावर गेली.

 मग फ्रेडरिक पुढे आला आणि त्याने निकोलसच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे, दुःखात माणूस सगळं अंगावर घेतो. माझी आई गेली तेव्हा मीही असाच बोलत होतो.”

“फ्रेडरिक, मी दुःखात बोलत नाही. अहवाल आहे.”

“असू दे, असू दे. बस तू.”

कॅरल शेजारणीला म्हणाली, “बघ, अंकल किती मोठ्या मनाचे. त्या बाईवर सुद्धा राग नाही.” शेजारणीने डोळे पुसले. ज्युलीने वडिलांना खुर्चीत बसवलं आणि चहा हातात दिला. फादर म्हणाले, क्षमा हीच लूर्डसची खरी आठवण. आशालताला क्षमा करण्यात आली, असं त्या दिवशी सर्वांनी धरून चाललं. तिच्या जागेवरच्या विटा मात्र कुणी हलवल्या नाहीत.

निकोलसने तरी प्रयत्न सोडला नाही. अहवालाची प्रत काढून चर्चच्या फलकावर लावायला दिली. पावसाळ्यात तो कागद ओला होऊन गळून पडला. मर्विनला गाठून ते चित्रण काढून टाकायला सांगितलं. मर्विनने त्याच्यासमोर ते काढलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “अंकल, माझ्याकडनं गेलं. पण दुसऱ्यांकडनं कसं काढू? नालासोपाऱ्यापर्यंत गेलंय ते. लोक फॉरवर्ड करतात, तुमच्या नावाने.”

आशालताने सातिवलीचं काम धरून ठेवलं. रस्त्याच्या तोंडाशी ती परत बसली नाही. दिवाळीत निकोलस तिच्या घरी गेला तेव्हा तिने करंज्या दिल्या, आणि तिसऱ्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. तिच्या हातांना आता वाळूने पडायच्या त्या चिरा नव्हत्या. निकोलसने ते पाहिलं. ती म्हणाली, “हात सुधारले, नाय?”

यंदाच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला शुक्रवार. सकाळी पावणेआठला निकोलस दूध आणायला निघाला आणि कॅरलच्या अंगणातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

“...घाण ती पोटात जाऊच देत नाही. बाहेर फेकते.”

तो फाटकातून आत गेला. कॅरल पाटावर बसली होती. मोबाइल कठड्याला टेकवून ठेवला होता. तिच्यासमोर स्टीलचं ताट, ताटात काळं पाणी आणि सहा तिसऱ्या. बाजूला भरलेला टब. नायगावकडून एक नवी बाई घरोघर आणून द्यायला लागली होती. करवंटीचा कोळसा न मिळाल्याने कॅरलने शेगडीतला कुटला होता.

“अंकल, बरं झालं आलात! टायमिंग बघा ना. अर्धा तासच ना?”

“कॅरल, याने काही कळत नाही. मी सांगितलंय तुम्हाला. तुझ्यासमोर सांगितलंय.”

“हो ना, माहितेय मला.” तिने समजुतीच्या सुरात म्हटलं. “म्हणूनच तर आम्ही आता विकणाऱ्या बाईवर सोडत नाही. स्वतः करतो. पुन्हा तसं व्हायला नको.”

निकोलस वाकला, त्याने ताट उचललं आणि पाण्यासकट गटारात रिकामं केलं. सहा तिसऱ्या सिमेंटवर खडखडत गेल्या. कॅरल दचकली, पण रागावली नाही. तिने ताट त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं.

“लूर्डस आंटींची आठवण आली ना?” ती म्हणाली. “बसा तुम्ही. पाणी देऊ?”

तिने ताट विसळलं. बाटलीतलं समुद्राचं पाणी ओतलं, कोळसा ढवळला, टबात हात घालून दुसऱ्या सहा तिसऱ्या काढल्या. मोबाइल पुन्हा पहिल्यापासून लावला. निकोलस कठड्यावर बसला.  पाच मिनिटांनी शिंपा उघडल्या. काळं पाणी निवळत गेलं आणि स्टीलच्या तळावर, एकेका तिसरीशेजारी, धागे जमायला लागले.

“अंकल,” कॅरलने विचारलं, “टाकतायत ना?”

त्याने ताटाकडे पाहिलं. छत्तीस वर्षं तो हे पाहत आला होता आणि यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

“टाकतायत,” तो म्हणाला, “पण कॅरल, हे बघ...”

कॅरल टब कमरेवर घेऊन आत गेलीही होती. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास यायला लागला होता. आतून तिचा आवाज आला, मर्विनला सांगणारा: “अंकलनी बघितल्यात रे.”